मालेगावचा सिनेमा आणि त्याच्यावर लिहिणारे

मालेगावच्या सिनेमावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांनी लिहिले, इंग्रजी साप्ताहिकांनी लिहिले, परदेशी पत्रकार येऊन गेले. नेटवर लिहिणाऱ्या हौशी सिनेमावेड्यांनी तर भरभरून लिहिले. मोठ्या बॅनरच्या बाहेर कोणी काही धडपडत असेल तर ते शोधून काढायचे आणि चार लोकांपर्यंत पोचवायचे, यात या मंडळींचा स्वतःचा लाभ फारसा नसतो. म्हणून त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. पण या सगळ्या लेखनात एक सवय दिसते, आणि तिच्याविषयी बोलायची जागा हीच आहे.

लेख कोणताही घ्या. सुरुवातीलाच चित्रपटाचा खर्च येतो. नासिर शेख यांनी २००० साली केलेला 'मालेगाव के शोले' पन्नास हजारांत झाला, हा आकडा जवळपास प्रत्येकाने दिला आहे. मग कॅमेरा सायकलवर बसवल्याचे येते. क्रेनऐवजी बैलगाडी वापरल्याचे येते. मग 'जुगाड' हा शब्द येतो, पाठोपाठ 'निरागस वेड' येते, आणि शेवटी गरिबीतही स्वप्ने पाहणाऱ्या या माणसांना सलाम करून लेख संपतो. चित्रपटात काय आहे, त्यातला विनोद कोणाला टोचतो, कोणते दृश्य साधले आणि कोणते फसले, हे राहून जाते.

आमची तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही. २००४ साली 'श्वास' आला तेव्हाही पैशाच्या अडचणींची चर्चा झाली. परंतु परीक्षणे लिहिणाऱ्यांनी आजोबा आणि नातवाच्या नात्याविषयी लिहिले. 'कोर्ट'ला २०१५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा समीक्षकांनी चैतन्य ताम्हाणे यांच्या स्थिर चौकटींवर आणि लांबलेल्या दृश्यांवर लिहिले. 'फँड्री'वर लिहिताना जब्याने भिरकावलेल्या शेवटच्या दगडाचा अर्थ लावण्यात किती कागद खर्ची पडले! तसे व्हायलाच हवे होते. मग मालेगावचा चित्रपट समोर आला की अर्थ लावायचे काम थांबते आणि हिशेबाची वही का उघडते? कौतुक होते ते माणसाच्या धडपडीचे. कृतीचे कौतुक नाही, कृतीची चिकित्साही नाही. ज्याच्या कृतीत दोष दाखवायचीही कोणाला गरज वाटत नाही, त्याला कलावंत मानलेले नसते.

या शहराच्या बाबतीत हे अधिक लागते, कारण शहराविषयी लिहिणाऱ्यांकडे आधीपासून एकच कप्पा होता. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. मेलेली माणसे आमची आणि पकडलेले तरुणही आमचेच. त्यांपैकी नऊ जणांना न्यायालयाने आरोपमुक्त करायला २०१६ साल उजाडले. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्खू चौकात पुन्हा स्फोट झाला. वृत्तपत्रांना मालेगाव माहीत होते ते असे. सिनेमामुळे दुसरा कप्पा तयार झाला, गमतीचा. एका कप्प्यात भीती आणि दुसऱ्यात गंमत. मधल्या जागेत जे शहर राहते, लूम चालवते, मुशायऱ्यात पहाटेपर्यंत बसते, उर्दू मासिकांवर वाद घालते, त्या शहराचा सिनेमा म्हणून या चित्रपटांकडे बघणारा लेख आमच्या वाचनात क्वचितच आला.

हा सिनेमा काही आभाळातून पडलेला नाही. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आग्रा रोडने खाली उतरलेले विणकर मोसम नदीच्या काठी स्थिरावले. हातमाग गेले, यंत्रमाग आले. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात उभे राहणारा कामगार शुक्रवारी मोकळा होतो. जुम्मा झाला की सिनेमा, हा इथला रिवाज. थिएटर नाही परवडले तर व्हिडिओ पार्लर. नासिर शेख यांचे असेच एक पार्लर होते. तिथे चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली आणि जॅकी चॅन लागत. नुसते लागत नसत, तर दोन व्हीसीआर जोडून, कंटाळवाणे भाग गाळून, मारामाऱ्या आणि गमती एकत्र सांधून लागत. हे संकलनच होते. कुठल्याही फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या वर्षाला जे शिकवतात ते या गृहस्थाने रोज तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसमोर शिकून घेतले, आणि चूक झाली तर प्रेक्षक तिथल्या तिथे सांगत. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा पुढे त्यांच्या हाती आला तो असा तयार झालेल्या हाती आला. या शिक्षणाला 'जुगाड' म्हणणे हा शब्दाचा आळस आहे.

आता 'मालेगाव के शोले'कडे चित्रपट म्हणून पाहू.

१९७५ चा मूळ 'शोले' आठवा. लिहिला सलीम-जावेद यांनी. गब्बर केला अमजद खान यांनी. पण रामगढ गावात मुसलमान म्हणावा असा माणूस एकच, आंधळा इमाम. तो ए. के. हनगल यांनी केला आहे, आणि त्याचा मुलगा अहमद आपल्या सचिन पिळगावकरांनी. अहमद कामासाठी गाव सोडतो आणि वाटेत मारला जातो. म्हाताऱ्या बापाच्या वाट्याला गावाची भीती घालवण्यासाठी पुत्राच्या कुर्बानीचे बोलायचे आणि मग अजान झाली म्हणून मशिदीकडे निघून जायचे, एवढेच काम आहे. दृश्य हृदयस्पर्शी आहे यात वाद नाही. तरी पिढ्यान् पिढ्या हिंदी पडद्याने आमच्यासाठी राखून ठेवलेली जागा ती हीच: भल्या माणसाची, दुःख सोसणाऱ्याची, कोपऱ्यातली.

मालेगावच्या पोरांनी 'शोले' हाती घेतला तेव्हा ते कोपऱ्यात बसले नाहीत. ठाकूर त्यांचा, जय-वीरू त्यांचे, गब्बर त्यांचा. सबंध रामगढच मोसमकाठी उचलून आणले. घोड्यांच्या जागी सायकली आल्या आणि आगगाडीच्या जागी बस आली. लिहिणाऱ्यांनी इथे थांबून खर्च मोजला. आम्हांला इथे भाषांतर दिसते. घोडे परवडत नव्हते हे खरेच, पण डाकू सायकलवर आले की त्यांचा दरारा कुठे राहतो? मूळ चित्रपटातला सगळा भव्यपणा टापांच्या आवाजावर उभा आहे. तो काढून घेतला की खाली उरतात चार मवाली, आणि आपण त्यांना ओळखतो, कारण ते आपल्याच चौकात उभे असतात. विडंबन म्हणजे मूळ कृतीची समीक्षा असते, हे मराठी वाचकाला आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'पासून ठाऊक आहे. अत्र्यांनी रविकिरण मंडळाचे जे केले, तसे काहीसे या मंडळींनी सिप्पींच्या पडद्याचे केले. पण केशवकुमारांना विडंबनकार म्हणायचे आणि नासिर शेख यांना नकलाकार, हा भेद कोणत्या कसोटीवर केला?

दोष नाहीत असे नव्हे. विनोद पुष्कळ ठिकाणी ओरडून सांगितला जातो. प्रसंग लांबतात. मूळ चित्रपट पाठ असलेल्या प्रेक्षकावर सगळी भिस्त असल्याने पात्रांना स्वतःचे असे काही उरत नाही. ही मर्यादा विडंबनाच्या प्रकाराचीच आहे, आणि नासिर शेख व त्यांचे सोबती तिच्यात बराच काळ अडकून पडले. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' करताना मात्र ते तिच्या बाहेर पडू पाहतात असे आम्हांला वाटते. सुपरमॅनची कथा त्यांनी घेतलीच नाही, घेतला फक्त पोशाख. खलनायक स्वतःचा उभा केला, आणि त्याला काय आवडते? घाण. त्याला घाणीचे राज्य हवे आहे. ज्या शहरात गटारी तुंबतात, कचरा उचलला जात नाही, मागांचा कापूस-कण श्वासात जातो आणि गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी भिंती रंगतात, तिथल्या लेखकाला जगाचा शत्रू शोधायला परग्रहावर जावे लागले नाही. हा सरळसरळ नगरपालिकेवरचा टोला आहे. याविषयी लिहायचे सोडून सुपरमॅनच्या चड्डीची लोंबणारी नाडी किती जणांनी नोंदवली!

नाडीचेही काही म्हणणे नाही. ती विनोदासाठीच ठेवली आहे. पण त्या पोशाखातला देह कोणाचा होता? शफीक शेख यंत्रमागावर काम करणारा हडकुळा तरुण होता. पोलादी छातीच्या परदेशी नायकाच्या कपड्यांत लूमवरचा कामगार उभा केला की पडद्यावर जे घडते ते फक्त हसण्यापुरते नसते. ज्या देहाला कधीही नायकाचा देह मानलेले नाही तो तिथे उभा आहे, आणि त्याला गावावरून उडायचे आहे. शफीकला तोंडाचा कर्करोग होता. घाणीशी लढणाऱ्या सुपरमॅनला गुटखा भोवला. फैजा अहमद खान यांचा माहितीपट २०१२ साली थिएटरांत लागला तेव्हा तो हयात नव्हता.

त्या माहितीपटाविषयी वेगळे लिहायला हवे. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८ चा. फैजा खान यांनी चित्रीकरणाच्या मागे कॅमेरा नेला आणि माणसांना बोलू दिले. कीव नाही, निवेदकाचे शहाणपण नाही. हिरव्या पडद्यापुढे आडवा केलेला सुपरमॅन, पाण्यात पडलेला कॅमेरा आणि त्यामुळे खोळंबलेले काम, हे प्रसंग सगळ्यांना आठवतात. आम्हांला मात्र फरोग जाफरी आठवतात. लेखक असलेला हा माणूस मुंबईविषयी बोलतो तेव्हा चित्रपटातला विनोद क्षणभर विझतो. मुंबई मालेगावपासून पावणेतीनशे किलोमीटर. गाडीने पाच-सहा तासांत पोचता येते आणि तरी आयुष्यभर पोचता येत नाही. फैजा खान यांनी ते दुःख तसेच राहू दिले, त्यावर संगीत चढवले नाही. दिग्दर्शिका म्हणून त्यांची पारख तिथे दिसते.

पण या चांगल्या माहितीपटाचा एक विचित्र परिणाम झाला, आणि त्याला त्या जबाबदार नाहीत. चित्रपटावरचा चित्रपट जगभर गेला, महोत्सवांत वाखाणला गेला. मूळ 'मालेगाव का सुपरमॅन' मात्र त्याच्या सावलीत राहिला. ज्यांनी लिहिले त्यांतल्या बहुतेकांनी माहितीपट पाहून लिहिले. दारातून आत डोकावणाऱ्याने जेवणाचे परीक्षण लिहावे, तसे हे झाले. स्वतंत्र चित्रपटाच्या कैवाऱ्यांनी तरी स्वतंत्र चित्रपट बघायला नको का? यापेक्षा स्वतंत्र तो काय असायचा? सत्तरच्या दशकात एम. एस. सथ्यूंच्या 'गर्म हवा'ला सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचे पैसे होते. सईद मिर्झांच्या १९८९ च्या 'सलीम लंगडे पे मत रो'च्या मागे एनएफडीसी होती. दोन्ही चित्रपट आम्हांला प्रिय आहेत. पण मालेगावच्या मागे सरकार नव्हते, स्टुडिओ नव्हता, परदेशी अनुदान नव्हते. होता तो फक्त शुक्रवारचा प्रेक्षक.

एका बाबतीत आम्ही या सिनेमाला सवलत द्यायला तयार नाही. या चित्रपटांत मालेगावची स्त्री नाही. नायिका बाहेरगावाहून आणावी लागते, कारण इथली मुलगी पडद्यावर येणार नाही, तिला येऊ दिले जाणार नाही. बाहेरून आलेले लेखक इथे फार सभ्य होतात. 'स्थानिक संस्कृती' म्हणून एक वाक्य लिहितात आणि पुढे सरकतात. त्या सभ्यतेतही तोच उणेपणा आहे: ज्याला बरोबरीचा मानतो त्याला माणूस जाब विचारतो. आणि मोहल्ल्यातले लिहिणारे? ते अभिमानात गप्प. याच नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी स्त्री मिळाली नाही, तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली. पण त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. फाळक्यांना काही महिने लागले. मालेगावला किती लागावेत? शहरातल्या मुली कॉलेजात जातात, डॉक्टर होतात, मुशायऱ्याला दाद देतात. त्यांची गोष्ट सांगायला कॅमेरा मागे का? फाळक्यांशी तुलना करायचीच तर अशा प्रश्नासाठी करावी. एरवी त्या तुलनेचा फायदा मालेगावला कोणी दिलाच नाही. फाळक्यांनी घरची भांडीकुंडी आणि बायकोचे दागिने सिनेमात घातले, तर ते आद्य प्रवर्तक. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने २००९ मध्ये ती धडपड हसतखेळत दाखवली आणि आपण सगळ्यांनी डोळे पुसले. तिथे 'जुगाड' हा शब्द कोणालाही सुचला नाही.

रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२४ मध्ये टोरांटोला दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे लागला. लेखन वरुण ग्रोव्हर यांचे. आदर्श गौरव नासिर, विनीतकुमार सिंह फरोग, शशांक अरोरा शफीक. चित्रपट आम्हांला आवडला, आणि का आवडला ते आधी सांगतो. यातले मुसलमान कोणालाही काही सिद्ध करून दाखवत नाहीत. ते भांडतात, उधारी बुडवतात, मित्राचे श्रेय खातात, प्रेमात पडतात. कथा स्फोटांभोवती फिरत नाही. हिंदी पडद्यावर ही साधी गोष्ट आज दुर्मीळ झाली आहे. योगायोग असा, की दोनच आठवडे आधी 'छावा' लागला होता आणि त्यात कवी कलश हेच विनीतकुमार सिंह होते. एकाच नटाचे दोन चित्रपट. एकाला गर्दी उसळली आणि दुसऱ्याचे खेळ थोड्याच दिवसांत उतरले.

विनीतकुमारांचा फरोग हा या चित्रपटाचा कणा आहे. दिग्दर्शकाचे नाव होते आणि लेखक मागे राहतो, हा सल त्यांनी डोळ्यांत ठेवला आहे. बाहेरून आणलेली नटी तृप्ती, म्हणजे मंजिरी पुपाला, हिच्यामुळे वर म्हटलेला प्रश्न निदान पडद्यावर उभा राहतो. परंतु उत्तरार्धात चित्रपट सगळ्या गाठी शफीकच्या आजारपणात सोडवून टाकतो. मैत्री तुटली होती ती पैशावरून, श्रेयावरून, महत्त्वाकांक्षेवरून. ही कारणे खरी होती आणि ती एका मरणाने मिटत नसतात. लूमही हळूहळू नुसता पार्श्वभूमीचा आवाज होतो. शेवटी प्रेक्षक हात जोडतो तो सिनेमाच्या जादूला, मालेगावला नव्हे. मुंबईचा सिनेमा स्वतःची पूजा करायची संधी सहसा सोडत नाही. इथेही सोडलेली नाही. परीक्षणे मात्र यावरच भाळली. डोळे पाणावले, असे बहुतेकांनी लिहिले.

दरम्यान मालेगावचा सिनेमा थांबलेला नाही, त्याची जागा बदलली. व्हिडिओ पार्लर गेले, यूट्यूब आले. 'छोटू दादा' म्हणून ओळखला जाणारा शफीक याच शहरातला, आणि त्याच्या खानदेशी विनोदी चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. मराठी नटांपैकी फार थोड्यांना एवढा प्रेक्षक लाभला असेल. त्याच्यावर गंभीरपणे लिहिलेला एक परिच्छेद शोधून दाखवा! लिहिण्यासारखे काही नाही असे तर मुळीच नाही. त्याच्या वेळेची पकड अस्सल आहे, हे कबूल करावे लागते. पण हा सगळा विनोद त्याच्या ठेंगण्या देहावर उभा केला आहे. जो विनोद 'शोले'च्या ठाकुराला आणि नगरपालिकेला चिमटे काढत होता, तो आता एका माणसाच्या उंचीला हसतो. शफीक शेखच्या हडकुळ्या देहावर पोशाख चढला तेव्हा हसू नायकपणाच्या कल्पनेला होते. इथे ते देहालाच आहे. ही घसरण आहे, आणि ती घसरण आहे असे सांगणारा समीक्षक या शहराला मिळालेला नाही. गरिबीची गोष्ट संपली, बघे मोजता येण्याइतका पैसा आला, तसे लिहिणाऱ्यांचे कुतूहलही संपले.

या वार्षिकाच्या वाचकांना हे सगळे ओळखीचे वाटेल. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या आधी आणि नंतरही आपल्या पुस्तकांचे असेच झाले. कादंबरी आली की तिच्यातून मोहल्ल्याची माहिती काढून घेतली जायची. तलाक, पडदा, दंगल. समाजदर्शन घडले म्हणून आभार मानले जायचे. रचनेविषयी, भाषेविषयी, लेखकाने कुठे हात आखडता घेतला याविषयी अवाक्षर नसायचे. हमीद दलवाईंच्या 'इंधन'वर लेखकाच्या राजकारणापलीकडे जाऊन किती बोलले गेले, ते आठवून पाहावे. मालेगावच्या सिनेमाला मिळालेली वागणूक त्याच घराण्यातली आहे.

एक व्यावहारिक मुद्दा उरला. 'मालेगाव के शोले' व्हिडिओच्या जमान्यातला. चुंबकीय फितीवरचे चित्रण वीस-पंचवीस वर्षांत फिके पडू लागते. दमट हवेत बुरशी धरते, थर सुटून येतो, आणि ती फीत वाचणारी यंत्रेही आता बाजारात मिळत नाहीत. यंत्रमागाच्या गावात धूळ आणि तंतू वेगळे सांगायला नकोत. मूळ फिती कोणत्या अवस्थेत आहेत, त्यांच्या प्रती कोणी करून ठेवल्या, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे त्या पोचवायचे कोणी मनावर घेतले का, हे प्रश्न इतक्या वर्षांच्या इतक्या लेखांत आमच्या वाचनात आले नाहीत. खर्च किती आला ते सर्वांनी विचारले. नाशिक आणि मालेगावच्या मंडळींनी येत्या वर्षात दुकाने, माळे आणि जुन्या कपाटांतून या फितींचा शोध घ्यावा, आणि जे मिळेल ते एखाद्या शुक्रवारी, जुम्म्यानंतर, लोकांना दाखवावे. परीक्षण लिहायला आम्ही येऊ.